बर्फात अडकण्यापूर्वीची तयारी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की दरवर्षी आमच्या दवाखान्यात काही जोडपी येतात. हातात जुन्या रिपोर्टची फाईल, पिशवीत औषधांच्या पट्ट्या आणि चेहऱ्यावर निम्मा आनंद, निम्मी धास्ती. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत निघालेली ही मंडळी. प्रश्न ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, तिकडच्या थंडीचे काय करायचे?’’

मी आधी उलट विचारते, गाव कोणते? कारण टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात जाणाऱ्याला दोन स्वेटर जास्त घ्या एवढे सांगून भागते. पण बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज, ईरी, क्लीव्हलँड यांपैकी एखादे नाव निघाले की मी खुर्ची पुढे ओढून बसायला सांगते. पुष्कळांना ‘न्यूयॉर्क’ म्हटले की उंच इमारतींचे शहरच डोळ्यांपुढे येते. बफेलो त्याच राज्यात असले तरी त्या शहरापासून रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे आणि तेथला हिवाळा निराळा आहे. माझी लेक त्या भागात राहते. तिच्याकडे दोन हिवाळे काढल्यामुळे आणि डॉक्टर म्हणून तिथल्या रुग्णालयातल्या मंडळींशी बोलल्यामुळे जे समजले, ते आज वाचकांसमोर ठेवते.

सरोवराचा बर्फ

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमाभागात पाच अजस्र सरोवरे आहेत. त्यांतले ईरी सरोवर सुमारे ३९० किलोमीटर लांब आहे. आपल्याकडच्या तलावाची कल्पना करून उपयोग नाही. काठावर उभे राहिले तर समुद्रच वाटतो. उन्हाळाभर तापलेले हे पाणी नोव्हेंबर-डिसेंबरातही बऱ्यापैकी उबदार असते. त्यावरून उत्तरेकडची अतिथंड, कोरडी हवा वाहू लागली की ती पाण्याची ऊब आणि वाफ उचलते, वर चढते, तिचे ढग होतात आणि पलीकडच्या काठावर गेल्यावर सगळा साठा बर्फाच्या रूपाने खाली ओतते. अरबी समुद्रावरून आलेला वारा महाबळेश्वरला झोडपतो आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर वाईत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो, हे आपण पाहतोच. तसाच काहीसा प्रकार, फक्त पावसाऐवजी बर्फ.

बफेलो शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. नैऋत्येचा वारा सरोवराच्या संपूर्ण लांबीवरून येतो तेव्हा बर्फाचा एकच अरुंद, दाट पट्टा तयार होतो. हा पट्टा ज्या वस्तीवर स्थिरावेल तिथे तासाला दोन-तीन इंच, कधी त्याहूनही जास्त बर्फ पडतो. कधी कधी त्यात वीजही कडाडते. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला आणि त्याच वेळी उत्तरेकडच्या वस्त्यांत जेमतेम काही इंच. फेब्रुवारी २००७ मध्ये ओंटारिओ सरोवराच्या पूर्वेला असलेल्या रेडफील्ड या लहानशा गावात दहा-बारा दिवसांत १४१ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ बारा फूट. आपल्या एकमजली घराच्या छपरापर्यंत!

ईरी सरोवर उथळ आहे. भर हिवाळ्यात ते गोठले की वाफेचा पुरवठा तुटतो आणि हा बर्फ कमी होतो. ओंटारिओ खोल असल्याने सहसा गोठत नाही, त्यामुळे सिरॅक्यूजच्या बाजूला हा प्रकार मार्चपर्यंत चालू राहतो. डिसेंबरात तिकीट काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या पट्ट्याचा खरा धोका प्रवासात कळतो. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस आम्ही एका मराठी कुटुंबाकडून परत येत होतो. आकाश निळे, रस्ता कोरडा, गाडीत गाणी चाललेली. एका वळणानंतर समोर क्षितिजापासून वरपर्यंत एक पांढरी-करडी भिंत उभी दिसली. आमच्या मागे ऊन आणि पुढे काहीच नाही. भिंतीच्या अलीकडे एक फाटा होता. जावईबापूंनी गाडी तिकडे वळवली आणि म्हणाले, ‘‘आई, आज पुढे नको. इथेच राहू.’’ घर अवघे तीस किलोमीटरवर होते. माझ्या लेकीची दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती. तरीही आम्ही फाट्यावरच्या एका साध्या लॉजमध्ये रात्र काढली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पर्समध्येच होत्या म्हणून मला एका शब्दाने ‘घरी चला’ म्हणावे लागले नाही. सकाळी कळले की त्या पट्ट्यात बऱ्याच गाड्या रात्रभर अडकून होत्या.

पर्समधली ती गोळ्यांची पट्टी हाच आजच्या लेखाचा मुद्दा आहे. बर्फ अंगावर पडून फारसे कोणी मरत नाही. माणसे दगावतात ती गाडीत अडकून, फावडे मारताना, सायलेन्सरच्या धुराने, किंवा घरातली ऊब गेल्याने. आणि पुष्कळदा तो प्रवास टाळता आला असता असा असतो. औषध संपले, दूध संपले, पाहुण्यांना विमानतळावरून आणायचे होते, एवढेच कारण. २०२२ च्या नाताळात बफेलोवर जे वादळ आले त्यात त्या परिसरात चाळीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत कोणी गाडीत सापडले, कोणी रस्त्यावर, कोणी घरातली उष्णता बंद पडल्याने, कोणी बर्फ उपसताना हृदयविकाराने, आणि कोणी रुग्णवाहिका वेळेवर पोहोचू न शकल्याने गेले. शहरात अग्निशमन आणि रुग्णवाहिकांच्या सेवाही काही काळ ठप्प झाल्या होत्या. अमेरिकेत सगळे एका फोनवर मिळते, ही आपली समजूत असल्या दिवशी बाजूला ठेवावी लागते.

त्याच वादळात नायगारा धबधबा बघायला निघालेले नऊ कोरियन पर्यटक व्हॅनसह एका उपनगरात रुतले. त्यांनी जवळच्या घराचे दार ठोठावले ते फावडी मागायला. घरच्या जोडप्याने चालकासह दहाही जणांना आत घेतले आणि पुढचे दोन दिवस सांभाळले. हे शक्य झाले कारण वादळाचा अंदाज ऐकून त्यांनी आधीच फ्रीज भरून ठेवला होता.

औषधांची पिशवी

आपण तिकडे पाहुणे असतो. गाडी चालवत नाही, बर्फ काढत नाही. मग आपण काय तयारी करायची? तर आपल्यापायी दुसऱ्या कुणाला बाहेर पडावे लागणार नाही, ही.

मुक्काम तीन महिन्यांचा असेल तर औषधे चार महिन्यांची न्यावीत. तिथला केमिस्ट सहसा आपल्याकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालवत नाही; तिथल्या डॉक्टरांना भेटावे लागते, आणि रस्ते बंद असताना ते कसे व्हायचे? चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. आपले पॅरासिटामॉल तिकडे ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणून मिळते आणि दम्याचे साल्बुटामॉल ‘अल्ब्युटेरॉल’ म्हणून. औषधे मोठ्या बॅगेत टाकू नयेत, हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्शुलिनचे तर हे अगदी कटाक्षाने पाळावे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. तिथे पोचल्यावरही रात्रभर गाडीत विसरू नये. घराबाहेर पडताना, अगदी अर्ध्या तासासाठी, दोन दिवसांच्या गोळ्या जवळ असाव्यात. मधुमेही माणसाने साखरेच्या गोळ्या किंवा खडीसाखरही बाळगावी.

वीज गेली तर काय खाल, हेही सुनेला किंवा मुलीला विचारून घ्या. तिथल्या पुष्कळ घरांत शेगडीही विजेची असते. शेंगदाण्याची चिक्की, गूळपापडी, भाजलेले पोहे, खजूर, मेतकूट ही आपली मंडळी अशा वेळी कामाला येतात. पिण्याचे पाणी तीन-चार दिवसांचे भरून ठेवावे.

गाडीत काय असावे

हिवाळ्यात तिथे पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ देत नाहीत. डिकीत लहान फावडे, काचेवरचा बर्फ खरवडण्याची पट्टी, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, दोन जाड घोंगड्या, टॉर्च, मोबाईलचा चार्जर, लाल किंवा भगव्या रंगाचे फडके आणि कोरडा खाऊ असतो. माझ्या लेकीच्या गाडीत वाळूऐवजी मांजराच्या शौचासाठी वापरतात ती मातीच होती. मला आधी हसू आले, पण रुतलेल्या चाकाला ती उत्तम पकड देते.

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहायचा. तिथे सरोवराच्या बर्फासाठी वेगळा इशारा दिला जातो आणि तो परगण्यांची नावे घेऊन असतो. प्रशासनाने प्रवासबंदी जाहीर केली असेल तर मुलगा ‘‘काही होत नाही’’ म्हणाला तरी आपण बूट घालू नयेत. वडीलधाऱ्यांचा एक नकार अशा वेळी फार उपयोगी पडतो. विमान त्या दिवशी उतरले तरी विमानतळावरच थांबायची तयारी ठेवावी आणि ‘तू न्यायला येऊ नकोस’ असे मुलाला आधीच सांगून ठेवावे.

आणि अडकलातच, तर गाडी सोडायची नाही. पांढऱ्या वावटळीत दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. चालत निघालेला माणूस दिशा हरवतो. फडके दाराला किंवा एरियलला बांधायचे आणि आत बसायचे. इंजिन सतत चालू ठेवायचे नाही. तासातून साधारण दहा मिनिटे चालवायचे, आणि दर वेळी सुरू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ बाजूला करायचा. वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. सगळ्यांनी एकदम झोपायचे नाही. हातपाय हलवत राहायचे.

न दिसणारा धूर

सायलेन्सरबद्दल इतका आग्रह का, हे समजून घ्या. पाइप बर्फाने बुजला की इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. मग रक्त वाहत राहते, पण प्राणवायू पोचत नाही. सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते गाडी लागली किंवा दमलो, आणि तो डोळे मिटतो. पुढचे सांगायला नको.

आपल्याकडे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले किंवा गॅस गिझरच्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध पडलेले लोक आपण वर्तमानपत्रात वाचतो. वायू तोच. तिथल्या घरातही तो शिरू शकतो. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारा पाइप बऱ्याच घरांत भिंतीतून जमिनीलगत निघतो. बाहेर बर्फाचा ढीग साचला की तो बुजतो. तो कुठे आहे हे पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलाला दाखवायला सांगा. न्यूयॉर्क राज्यात २०१० पासून घरात या वायूचा अलार्म बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो पिरपिर करतो म्हणून काढून ठेवू नये, सेल बदलावेत. गॅरेजचे दार उघडे असले तरी आत गाडी चालू ठेवून ‘गरम’ करू नये. वीज गेली म्हणून जनरेटर किंवा कोळशाचे ग्रिल घरात आणणे तर सर्वांत वाईट. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर तो सर्दीचा त्रास समजू नका. आधी बाहेर पडा आणि मग ९११ ला फोन करा.

फावडे आजोबांच्या हाती देऊ नका

आमच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. वय अडुसष्ट, हृदयात एक स्टेंट. मुलगा ईरी गावाजवळ राहतो. याच ईरीत २५ डिसेंबर २०१७ या एका दिवसात ३४ इंच बर्फ पडला होता. गुरुजी म्हणाले, ‘‘मी पहाटे पाचलाच उठतो. मुलगा कामावर जायच्या आत दारातला बर्फ काढून ठेवीन. तेवढाच व्यायाम आणि तेवढीच त्याला मदत.’’ त्यांच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, कारण त्यांना याचीच भीती होती.

मी त्यांना गणित घातले. ओल्या बर्फाचे एक फावडे सहज सात किलोचे होते. मिनिटाला बारा फावडी म्हटली तर दहा मिनिटांत ८४० किलो. १९९५ साली मिशिगनमधील डॉक्टरांनी दहा निरोगी तरुणांना बर्फ उपसायला लावून त्यांची नाडी आणि रक्तदाब मोजला होता. त्या तरुणांच्या हृदयावरही ट्रेडमिलच्या शेवटच्या टप्प्याइतका, किंबहुना त्याहून अधिक ताण पडला. कारण काम हातांचे असते, पाय जागच्या जागी असतात, जोर लावताना माणूस श्वास कोंडतो, आणि थंड हवेने रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्यात पहाटेची वेळ हृदयविकाराला एरवीही अनुकूल. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऐंशी इंचांच्या आसपास बर्फ पडला, तेव्हा तिथल्या प्रशासनाने सांगितलेले पहिले मृत्यू बर्फ काढताना झालेल्या हृदयविकाराचेच होते.

पन्नाशी ओलांडलेल्या, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने हे काम करू नये. तरुणानेही थोडे थोडे उचलावे, शक्यतो ढकलावे, भरपेट जेवणानंतर किंवा सिगारेट ओढून लगेच फावड्याला हात लावू नये. छातीत दाटले, जबडा किंवा डावा हात भरून आला, थंडीतही घाम फुटला, तर फावडे तिथेच टाकून आत यावे आणि ९११ लावावा. गुरुजींना मी चहा करून ठेवण्याचे काम दिले आहे. ते पुरेसे खूश झाले नाहीत.

अंगातली ऊब

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फातच असावे लागते असे नाही. वयस्कर माणसाला थंडी कमी जाणवते, काही झोपेच्या गोळ्यांनी ती आणखी कमी जाणवते, आणि मुलाचे बिल वाढेल म्हणून हीटर कमी करून बसणारे आजोबा आपल्यात पुष्कळ. असे करू नका. आधी माणूस थरथरतो, मग जीभ जड होते, बोलणे अडखळते, हातातून वस्तू पडतात, तो असंबद्ध बोलतो. थरथर थांबली म्हणजे बरे वाटले असे नव्हे, उलट ती धोक्याची पायरी. ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, आधी छाती-पोट गरम करावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. आणि ‘दोन चमचे ब्रँडी’ हा आपला आवडता उपाय पूर्ण चूक आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली ऊब बाहेर जाते.

कान, नाक, गाल, बोटे ही टोके आधी गोठतात. त्या जागी बधिरपणा येतो, कातडी मेणचट, फिकट दिसते. आपल्या सावळ्या रंगावर फिकटपणा चटकन ओळखू येत नाही, म्हणून बधिरतेवर विश्वास ठेवावा. अशी बोटे हीटरपुढे धरू नयेत, कारण भाजलेले कळत नाही. बर्फाने चोळण्याची जुनी पद्धतही टाकून द्यावी. कोमट पाण्यात बुडवावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी रोज रात्री पाय तपासावेत.

कपड्यांबाबत एवढेच की एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. आतला थर सुती नको, कारण सुती कापड घामाने ओले झाले की अंग गार पडते. लोकरी किंवा थर्मलचा असावा. माकडटोपी न्या, लाजू नका. साडी नेसायचीच असेल तर आत थर्मलची विजार आणि पायात रबरी तळाचे बूट हवेत. सपाता घालून टपालपेटीपर्यंत जाऊन येते, असे म्हणणाऱ्या दोन भगिनींचे खुब्याचे हाड मोडलेले मी पाहिले आहे. रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ असतो, तो दिसत नाही. त्यावर लहान लहान पावले टाकत, जरा पुढे झुकून, हात खिशाबाहेर ठेवून चालायचे. बर्फाच्या दिवसांत सकाळचा फेरफटका घरातल्या दिवाणखान्यातच मारावा. तिकडच्या मॉलमध्येही सकाळी फेऱ्या मारणारे वृद्ध पुष्कळ दिसतात.

शेवटी इथे राहणाऱ्यांसाठी. टीव्हीवर वादळाची बातमी दिसली की आपण दर पंधरा मिनिटांनी फोन लावतो. पलीकडे मुलगा कदाचित अडकलेल्या गाडीत असेल आणि मोबाईलची बॅटरी हाच त्याचा मदतीशी धागा असेल. तेव्हा दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी फोन, आणि बाकी वेळी ‘ठीक आहे’ एवढा संदेश, असे हिवाळ्यापूर्वीच ठरवून घ्यावे. हिवाळ्यात त्या भागाचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. तिकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेआठ झालेले असतात. दोन्हीकडची कामे आटोपलेली असतात, निवांत बोलता येते.